जुळीचा शेक

इंजिनातली घंटा तिसऱ्यांदा वाजली, आणि पायरीखाली उभ्या असलेल्या शेवंतीनं हातातली झेंडूची पाटी खाली ठेवली.

वर केबिनमध्ये तिच्या बाबांनी, म्हणजे गुणाजी ड्रायव्हरनी, हँडल मागे आणलं. घंटा गप्प झाली. इंजिन मात्र धडधडत राहिलं, जसं काही झालंच नाही. जागचं मात्र तसूभर हललं नव्हतं. समोर कपाळाला कुंकू लागलेलं, गळ्यात हार, पायाशी फुटलेला नारळ. नवरी नटून बसावी आणि बोहल्यावर जायचं नाही म्हणून हटून बसावी, तसं.

"परत पडलो," बाबा म्हणाले. "रिले परत पडलो." रिले म्हणजे वीज भलत्या वाटेला गेली की घंटा वाजवून ती तोडणारी कळ.

"पडणारच!" खालून दशरथ ओरडला. दशरथ सांधेवाला. रूळ बदलणं, डबे जोडणं आणि न विचारता मत देणं ही त्याची तीन कामं. "खंडेनवमीला हत्यार पुजायचं, चालवायचं नाही. पण साहेब लोकांना सांगणार कोण? म्हणे आजच टाकी ओढा."

"रेल्वे काय पंचांग बघून लाइन देता?" बाबांनी विचारलं, आणि हाताच्या पाठीनं घाम पुसला.

टाकी मागेच उभी होती. भांडुपच्या त्या कारखान्यात आजवर बनलेली सगळ्यात मोठी टाकी. दोन लांब डब्यांवर आडवी बांधलेली, चाळीतल्या चार खोल्या शेजारी शेजारी ठेवाव्यात एवढी. ती ट्रॉम्बेला जायची होती. तिच्या रुंदीमुळे शेजारच्या रुळावरून गाडी जाऊ शकत नव्हती, म्हणून रेल्वेनं सगळी वाहतूक थांबवून तिच्यासाठी वेळ काढून दिली होती: आज, दुपारी साडेचार. त्या वेळी वरच्या फाट्यावर रेल्वेचं इंजिन येणार आणि टाकी घेऊन जाणार. कारखान्यापासून फाट्यापर्यंत अर्ध्या मैलाचा चढ. तेवढा चढ कारखान्याच्या इंजिनानं टाकी ओढायची. साडेचारची वेळ चुकली तर पुढची वेळ महिन्यानं. आणि गुणाजीची नोकरी? ती बहुधा त्याच संध्याकाळी. नोकरी गेली की कंपनीच्या चाळीतली खोली गेली. खोली गेली की गाव. आणि गावात शाळा होती चौथीपर्यंत. शेवंती दहावीत होती. हे गणित तिला कुणी घालून दिलेलं नव्हतं. ते तिनं पहिल्या घंटेलाच सोडवलं होतं.

सकाळचे साडेदहा झाले होते.

हे इंजिन म्हणजे जुळी. लढाईच्या दिवसांत अमेरिकेहून बोटीनं आलेलं, लढाई संपल्यावर कंपनीनं विकत घेतलेलं. मधे केबिन, पुढे एक लांबट पेटी, मागे तशीच एक, आणि प्रत्येक पेटीत एकेक डिझेल. दोन आवाज एकदम निघायचे, म्हणून चाळीनं तिचं नाव जुळी ठेवलं. कंपनीच्या कागदावर नुसता नंबर होता.

आणि जुळी कशी चालते हे अख्ख्या चाळीत नीट सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे शेवंती! यंदा तिला कंठ फुटला होता. जूनपर्यंत वर्गात मागच्या बाकावर बसून वहीत मान घालणारी ही मुलगी, विज्ञानाच्या तासाला उत्तराबाईंनी फळ्यापाशी बोलावलं तेव्हा खडू घेऊन अशी काही सुटली, की तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. तिनं जुळीच काढली होती फळ्यावर. वाफेच्या इंजिनात वाफ दांडा ढकलते आणि दांडा चाक फिरवतो. जुळीत डिझेलचा चाकाशी संबंधच नाही. डिझेल फिरवतं डायनामो. डायनामो काढतो वीज. वीज जाडजूड तारांतून खाली जाते आणि चाकांपाशी बसवलेल्या मोटारी फिरवते.

"म्हणजे जेवण रांधायचं, डब्यात भरायचं आणि गिरणीत नेऊन जेवायचं," हे ऐकून दशरथ म्हणाला होता. "त्यापेक्षा सरळ ताटात वाढा की!"

"सरळ वाढलं तर ठसका लागतो, दशरथकाका. डिझेलला उभ्या जागेवरून ओझं उचलता येत नाही, ते गुदमरून बंद पडतं. मोटारीला येतं. मोटार उभी असते तेव्हाच तिचा जोर सगळ्यात जास्त."

"ऐका! गुणाजीच्या पोटी बॅरिस्टर आलाय."

बाबा तेव्हा हसले होते. वीस वर्षं त्यांनी कारखान्याचं वाफेचं इंजिन चालवलं, सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारी भंगारात गेली तेव्हा लिमयेसाहेबांनी बाबांना जुळीवर घेतलं. पण जुळीचं पुस्तक इंग्रजीत. बाबांचं शिक्षण मराठी तिसरी. मग संध्याकाळी शेवंती पुस्तक वाचायची, शब्द अडला तर उत्तराबाईंना विचारायची आणि एका जाड वहीत गोल गोल अक्षरात मराठीत उतरवायची. ती वही बाबा डब्याबरोबर नेत. त्यात सातव्या पानावर तिच्याच हातचं वाक्य होतं: विजेच्या यंत्रावर पाणी पडू देऊ नये.

आणि पाणी तिनंच मारलं होतं.

काल संध्याकाळी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी म्हातारीला आंघोळ घालायची चाल होती. मोठा पाइप लावून वरपासून खालपर्यंत काजळी धुवायची, मग तेलाच्या बोळ्यानं पुसून लख्ख करायची. छोटी शेवंती बफरवर बसून भिजायची. म्हातारीच्या पोटातच पाणी, तिला बाहेरून पाण्याचं काय भय! काल बाबा स्टेशनाकडे झेंडू आणायला गेले आणि शेवंतीला वाटलं, ते यायच्या आत जुळीला न्हाऊ घालू. म्हातारीच्याच नळाला पाइप लावला. पुढची पेटी, मागची पेटी, चाकं. आणि मग, कुणी पाहत नाही असं बघून, ती केबिनमध्ये चढली.

दारावर पाटी होती: ड्रायव्हर सोडून कुणीही आत येऊ नये. ती पाटी तिनंच बाबांना वाचून दाखवली होती.

ड्रायव्हरच्या जागेखाली, डाव्या पायापाशी, एक लोखंडी डबी होती. मागच्या डायनामोच्या तारा त्या डबीतून जायच्या. शनिवारी दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी तिचं झाकण उघडलं होतं आणि ते एका स्क्रूवर लोंबत होतं. आत काजळी, तेलकट मळ, नुसतं काळं. सगळी जुळी चकचकीत आणि ही डबी अशी? तिनं खिडकीतून पाइप ओढला आणि एक फवारा मारला. दोन. तांबं कसं उजळून निघालं! मग परकराच्या टोकानं पुसलं, झाकण बसवलं, चारही स्क्रू बाबांच्या पेचकसानं आवळून आवळून लावले. आपण किती व्यवस्थित काम करतो याचं तिला कौतुकसुद्धा वाटलं होतं.

सकाळी पहिली घंटा वाजल्यावर ती बाबांना म्हणाली, "बाबा, काल मी पाइपानं धुतली. बाहेरून."

बाहेरून. एवढा एक शब्द.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं; मग तिनंही रडत रडत सगळं सांगून टाकलं असतं. पण ते नुसतं म्हणाले, "बरा. जावंदे." आणि मागच्या पेटीचं दार उघडून आत डोकावले. पेटीला हवेसाठी झडपा होत्या, त्यातून पाणी शिरलं होतं खरं. डायनामोच्या अंगावर थेंब होते. "हयसून गेला," ते म्हणाले. "ह्येका सुकवूक होया." आणि शेवंतीनं मान डोलावली. डबी तर पुसली होती ना आपण? डबीत काय असणार? डायनामोच ओला आहे. डायनामोच असणार.

माणूस स्वतःला किती पटापट समजावतो!

लिमयेसाहेब, कारखान्याचे इंजिनिअर, सकाळीच कुर्ल्याला गेले होते, रेल्वेच्या लोकांबरोबर कागद पुरे करायला. चारच्या सुमारास येणार होते.

"फोन करू काय साहेबांना?" दशरथनं विचारलं.

"आणि सांगू काय?" बाबा म्हणाले. "माझ्या चेडवान न्हाणी घातली म्हणून?"

दशरथनं फोनाचा विषय तिथंच सोडला. त्यानं मत मागे घेतलं म्हणजे परिस्थिती खरंच वाईट होती.

शेवंती घरी धावली. सुकं फडकं, पंखा, काहीही मिळेल ते आणायला. खोलीत तिची आई रुक्मिणी खाटेवर पडली होती. खाटेखाली शेगडी, शेगडीत निखारे, त्यावर ओव्याची धुरी. एकोणीस दिवसांपूर्वी शेवंतीला भाऊ झाला होता. बाबांची थोरली बहीण, जानकीआत्या, गावाहून बाळंतपणाला आली होती आणि आईला शेक देत होती.

"जुळी कशी वाजणा नाय गो आज?" आईनं विचारलं.

"वाजेल."

"टाकी आज जाऊक होई ना?"

"जाईल म्हटलं ना आई!"

आईनं बाळावरचं दुपटं सारखं केलं. तिला काहीतरी समजलं होतं, पण बाळंतिणीला कुणी काही सांगत नसतं, हेही तिला समजत होतं. शेवंतीला मात्र खाटेखालची ती शेगडी दिसली आणि तिचे पाय तिथंच थांबले.

"आत्या, ओलं अंग शेकायचं तर किती वेळ लागतो?"

"कोणाचा अंग?"

"जुळीचं."

आत्यानं एका दमात सगळं ऐकून घेतलं. गावात तिनं चाळीस बाळंतपणं केली होती. अमेरिकेच्या इंजिनाला ती थोडीच घाबरते? "थंय तेल आसा मां? मग निखारो नको. वाळू तापवा. वाळूच्या पोटल्या करून लावा. आणि एकदम कडक नको. सोसात तेवढाच. आतलो ओलावो हळू हळू भायर येवक होयो. घाई केली तर कातडा भाजता आणि हाड थंडच ऱ्हवता."

अर्ध्या तासात चाळीतल्या सात शेगड्या जुळीपासून वीस पावलांवर ओळीनं मांडल्या गेल्या. उद्याच्या दसऱ्याची कुणाची करंजी राहिली, कुणाची आमटी अर्धी उतरली. "गो, माझ्या तेलात पुरी होती!" अशी बोंब मारत का होईना, बायका आल्या. कढईत वाळू तापे, जुन्या लुगड्याच्या चौकोनात बांधली जाई, हातोहात वर जाई. बाबा आणि दशरथ त्या डायनामोच्या अंगाला लावत. आत्या खाली उभी राहून प्रत्येक पोटली आधी स्वतःच्या गालाला लावून बघे. ऑक्टोबरचं ऊन वरून होतंच. बाबांनी मागचं डिझेल चालू ठेवलं, ओढ न देता, नुसतं फिरतं. फिरत्या डायनामोचा वारा आणि पोटल्यांची ऊब, दोन्ही मिळून काहीतरी होईल.

एक वाजता डायनामो हाताला कोरडा लागला.

"देवा म्हाराजा," बाबा म्हणाले आणि हँडल पुढे सरकवलं.

घंटा.

शेवंतीनं डोळे मिटले. आता सांग, आता सांग, असं तिचं मन म्हणत होतं. पण आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की दोन तास सात घरांच्या चुली थांबवल्या, बाबांचे हात भाजले, आणि मी बघत उभी होते? सकाळी न सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत केवढी वाढते! आणि केबिनची पाटी. बाहेरच्या कुणाला केबिनमध्ये घेतलं तर ड्रायव्हरला तिथल्या तिथं कमी करतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एकाला केलं होतं. बाबांनी तिला घेतलं नव्हतं, ती चोरून गेली होती. पण हे कोण मानणार? ती बोलली तर बाबांची नोकरी जाते. नाही बोलली तर टाकी राहते आणि नोकरी जाते. दोन्हीकडून तेच. फक्त न बोलण्यात अजून थोडी आशा होती. डायनामोच असेल. अजून थोडा ओला असेल आतून. आत्या म्हणाली ना, हाड थंड राहतं म्हणून?

"आणखी पोटल्या!" ती ओरडली आणि स्वतः कढई उचलायला धावली.

दोन वाजता घंटा. तीनला घंटा. सव्वातीनला बाबांनी जुळीची पुढची बाजू एकटी लावून पाहिली. ती बाजू कोरडी होती. घंटा वाजली नाही, पण टाकी हलली न हलल्यासारखी झाली, पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, रुळावर ठिणग्या उडाल्या. एकटीच्या जोरानं सपाटीवरही टाकी हलेना, तर पुढे चढ होता. बायकांपैकी एकेक जण आपली शेगडी उचलून, मान खाली घालून घरी निघाली होती. मयताहून परततात तशी. आत्या तेवढी उभी होती.

पावणेचार.

दशरथ पायरी चढून वर गेला आणि हळू आवाजात बोलला. पण शेवंती पायरीशीच होती.

"गुणाजी, काडी लाव."

"कसली काडी?"

"रिलेला. आगपेटीची काडी खुपस, पडणारच नाही तो. म्हातारीच्या सेफ्टीच्या झडपेला चढावर पाचर मारायचास की नाही? तीच गत. अर्धा मैल तर जायचंय. टाकी वर पोचली की काढून टाक. साहेबाला काय कळतंय?"

"म्हातारीची गोष्ट येगळी होती."

"वेगळी काय? तिला वाफ पळायची, हिला वीज पळते. दहा मिनिटं पळू दे! पोरं-बाळं बघ रे. एकोणीस दिवसांचं मूल घेऊन कुठं जाशील? वाट लागलीच आहे, आता डरून काय?"

मग शेवंतीनं आगपेटी उघडल्याचा आवाज ऐकला.

फळ्यापाशी उभं राहून उत्तराबाईंना तिनं काय सांगितलं होतं? वीज आपली वाट सोडून इंजिनाच्या अंगात शिरली की रिले पडतो, घंटा वाजते, डायनामो वीज बंद करतो. रिले पडणं म्हणजे इंजिनाचं ओरडणं. काडी लावली की ओरडणं बंद. वीज मात्र पळतच राहणार. टाकीचं सगळं ओझं ओढायला लागेल तेवढी वीज, आणि ती फुटणार कुठून, तर जिथं ओल आहे तिथून. डायनामो कोरडा होता. पाच तास शेकलेला, खणखणीत कोरडा. मग ओल कुठं होती हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ती डबी बाबांच्या डाव्या पायापासून वीतभर अंतरावर होती.

फाटकाशी जीप थांबली. लिमयेसाहेब उतरले, हातात कागद, चेहरा घामेजलेला.

"गुणाजी! तयार?"

"तयार, साहेब," बाबा म्हणाले. त्यांच्या चिमटीत काडी होती.

"बाबा नको!" शेवंती पायरीवर चढली, आणि पाटी बिटी सगळं विसरून केबिनच्या दारात उभी राहिली. "डायनामो नाही! डबी! पायाखालची डबी! मी पाइप आत मारला. झाकण उघडं होतं, मी आत चढले आणि दोन फवारे मारले. बाबा, मी खोटं बोलले. बाहेरून नाही, आतून!"

मागं एक कढई खाली पडल्याचा आवाज झाला.

"कोण चढलं होतं केबिनमध्ये?" लिमयेसाहेबांनी खालून विचारलं.

"कोण नाय, साहेब." बाबा झटकन पुढे झाले, तिला पाठीशी घातलं. "चेडू घाबारला. काय पण बोलता. पाणी मी मारलंय."

"नाही, साहेब, मी!"

"तू गप!"

"मी गप बसले होते म्हणून तर हे झालं, बाबा!"

लिमयेसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग बाबांच्या हातातल्या काडीकडे. काडी बघून त्यांचा चेहरा असा झाला, की दशरथ दोन पावलं मागे सरला.

"डबी उघडा," ते म्हणाले.

स्क्रू निघता निघेनात. एवढे आवळलेले. चौथा निघाला आणि झाकणाबरोबर पाण्याची धार बाबांच्या पायावर पडली. तांब्याच्या पट्ट्यांमागं साठून राहिलेलं वाटीभर पाणी! तिच्या व्यवस्थितपणानंच ते आत कोंडलं होतं. झाकण लोंबत राहिलं असतं तर उन्हानं, पंख्यानं कधीच सुकलं असतं. आत तांब्याच्या पट्टीपासून डबीच्या भिंतीपर्यंत एक काळी रेघ उमटली होती, केसासारखी. वीज रांगत गेल्याची.

लिमयेसाहेबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "काडी लावून टाकी ओढली असतीत तर इथं जाळ झाला असता, गुणाजी. तुमच्या पायाशी. मग मी कुणाच्या घरी जाऊन काय सांगितलं असतं?"

बाबांनी काडी खिडकीतून टाकली.

चार वाजून सात मिनिटं. "आत्या!" शेवंती किंचाळली, आणि आत्या धावली. ती काय घेऊन आली तर बाळाची धुतलेली बाळोती, जुन्या धोतराची, मऊसूत, चुलीवर वाळवलेली. त्यांनी डबी टिपली. साहेबांनी ती रेघ चाकूनं खरवडली. मग पोटल्या. शेवटच्या दोन शेगड्या अजून पेटलेल्या होत्या, एक त्यांच्याच घरची, आईच्या खाटेखालून काढलेली. लहान पोटल्या, सुपारीएवढ्या, डबीच्या कोपऱ्यात बसतील अशा. शेवंती वाळू बांधत होती आणि मोजत होती. पंधरा. सतरा. एकोणीस. गाठी बांधताना बोटं भाजत होती आणि भाजलेली बरी वाटत होती.

चार वीसला साहेबांनी डबी किती कोरडी झाली ते मोजायचं यंत्र लावलं, मूठ गरगर फिरवली. काटा थोडा उठला आणि थांबला.

"अजून," ते म्हणाले.

चार पंचवीसला पुन्हा. काटा चढला. साहेबांनी ओठ चावला, कागदाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. वर फाट्यावर रेल्वेच्या इंजिनानं शिटी दिली.

"चालवा. हँडलच्या पहिल्या खाचेवर दहा आकडे मोजायचे, मगच पुढची. घंटा वाजली तर तिथंच थांबायचं. काही झालं तरी." आणि शेवंतीला: "तू खाली उतर."

ती उतरली. बाबांनी हँडल सरकवलं. तिनं कानावर हात ठेवले, मग काढले, कारण न ऐकणं त्याहून वाईट होतं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जाड झाले. टाकीच्या साखळ्या ताणल्या. एक, दोन, तीन. घंटा नाही. सात. आठ. टाकीची सावली शेवंतीच्या पायावरून सरकली. ती सावली सरकते आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती तिथंच रुळाकाठी खडीवर बसली आणि ढसाढसा रडली. आत्यानं तिला उठवलं नाही.

टाकी गेली. साडेपाचला जुळी रिकामी परत आली. बाबा उतरले, आणि साहेबांनी काही विचारायच्या आत त्यांनी हँडलची किल्ली काढून साहेबांच्या हातात दिली. ती किल्ली नसेल तर जुळी पुढेही जात नाही, मागेही नाही. ड्रायव्हर ती घरी नेतो, उशाशी ठेवतो.

साहेबांनी ती घेतली. "मी खरं तेच लिहिणार, गुणाजी. मुलगी आत चढली होती हेही, काडी होती हेही. आणि टाकी कशी गेली तेही. पुढचं फोर्टातल्या हेड ऑफिसातले ठरवतील."

"व्हय," बाबा म्हणाले.

दसरा गेला. घरात सोनं कुणी वाटलं नाही. अकरा दिवस बाबा खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले आणि जुळीचा आवाज ऐकत राहिले. ती कुर्ल्याहून उसना आणलेला ड्रायव्हर चालवत होता. शेवंतीशी ते रागानं बोलले नाहीत, आणि फारसं बोललेही नाहीत. रात्री जेवताना ती एकदा म्हणाली, "बाबा, मला मारा तरी." ते म्हणाले, "भात घे."

बाराव्या दिवशी कागद आला. तिनंच वाचला. गुणाजीला ड्रायव्हरच्या जागेवरून काढण्यात येत आहे; सांध्यावर घेण्यात येत आहे, दशरथच्या हाताखाली. चाळीतली खोली राहील. इंजिनाच्या केबिनमध्ये यापुढे त्याला प्रवेश नाही. तिनं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

"खोली ऱ्हवली," आई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. शाळेच्या वाटेवरचं रुळाचं फाटक लागलं होतं, शेवंती तिथं थांबली होती, टाकीपेक्षा कितीतरी लहान डबे घेऊन जुळी चढावर निघाली होती, आणि रुळाच्या बाजूला बाबा उभे होते. हातात हिरवं निशाण, अंगावर सांधेवाल्याचा निळा सदरा, कोरा करकरीत. नव्या ड्रायव्हरनं खिडकीतून पाहिलं, बाबांनी निशाण हलवलं, जुळी गेली. तो आवाज चढावर जाईपर्यंत बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले.

"मागची पेटी घशात बोलता," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता, पण तिलाच. महिन्याभरात ते आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. "वही खंय आसा?"

"दप्तरात."

"ह्येका दी. नव्या माणसाक. तेकाव इंग्लिश येणा नाय." मग थोडं थांबून: "सातव्या पानार लिव आधी. झाकण उघडा दिसला तर हात लावूचो नाय. हाक मारूची."

फाटक उघडलं. शाळेला उशीर होत होता. शेवंती रुळाकाठच्या दगडावर बसली, मांडीवर वही घेतली, आणि सातवं पान काढलं. विजेच्या यंत्रावर पाणी पडू देऊ नये. किती गोल, किती सुबक अक्षर! त्याच्याखाली तिनं लिहायला सुरुवात केली. अक्षर तेवढं सुबक आलं नाही. बाबा निशाण गुंडाळून शेजारी उभे राहिले. त्यांना वाचता येईल एवढं मोठं मात्र तिनं लिहिलं.